किती अँपिअरला?



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘कॉइल’. पलीकडे क्षणभर शांतता. मग जपून विचारणा झाली, ‘डासांची?’ नाही म्हटल्यावर ‘मग गिझरची?’ शेवटी पत्रिकेवर ‘स्विचिंग पॉवर सप्लायसाठी इंडक्टरची निवड’ असं भारदस्त काहीतरी छापलं गेलं. ते वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार मानतो.

या व्याख्यानमालेत आजवर अणुऊर्जेवर बोलणं झालं, उपग्रहांवर झालं. मी दहा-वीस रुपयांच्या वस्तूवर तासभर बोलणार आहे. आमच्या सरांना ते चाललं असतं. त्यांचं निम्मं आयुष्य अशाच वस्तूंना प्रश्न विचारण्यात गेलं, आणि त्यातला एक प्रश्न मी आजच्या भाषणाचं नाव म्हणून उचलला आहे.

वस्तू साधी आहे. एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे काही वेढे, आणि बहुतेक वेळा त्यांच्या मध्ये किंवा भोवती एक काळपट-करडा तुकडा. पुस्तकी मराठीत तिला प्रवर्तक म्हणतात, तपकीर गल्लीतल्या किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात कॉइल, आणि वाइंडिंग करणाऱ्याकडे चोक. सर फळ्यावर ‘प्रवर्तक’ लिहीत आणि वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं की ‘चोक’ म्हणत. दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत. चोक तर आपल्या सगळ्यांच्या घरात होता. जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीतला तो जड लोखंडी ठोकळा आठवा. स्टार्टर लुकलुकायचा, त्याने प्रवाह तोडला की चोक चवताळून उठायचा आणि नळीत ठिणगी पडेल एवढा दाब स्वतःच तयार करायचा. वाहता प्रवाह एकदम तोडलेला त्याला खपत नाही. त्याचा सगळा स्वभाव एवढ्यातच आला.

हा स्वभाव नीट नोंदवला तो अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या एका शाळामास्तराने. जोसेफ हेन्री हे त्याचं नाव. ऑल्बनी अकॅडमीत शिकवण्याचा व्याप एवढा, की प्रयोगांसाठी त्याला मुख्यतः उन्हाळ्याची सुट्टीच मिळायची. बॅटरीला जोडलेली लांब तार सोडवताना ठिणगी मोठी पडते, आखूड तार सोडवताना जवळजवळ पडतच नाही, आणि तीच लांब तार गुंडाळून वेटोळं केलं तर ठिणगी आणखी जोरात पडते, हे त्याने 1832 साली छापून प्रसिद्ध केलं. फॅरेडेने प्रवर्तनाचा शोध त्याच्या आदल्याच वर्षी जाहीर केला होता. पुढे 1893 साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत या गुणाच्या एककाला ‘हेन्री’ हे नाव मिळालं. सुट्टीत प्रयोगशाळेत बसणाऱ्या मास्तरांबद्दल आमच्या सरांना विशेष आपुलकी होती, कारण तेही त्याच जातकुळीचे.

चाळीस वॅटच्या ट्यूबचा चोक साधारण एक हेन्रीच्या घरातला. तुमच्या मोबाइल चार्जरमध्ये किंवा लॅपटॉपच्या बोर्डावर जे छोटे चौकोनी ठोकळे असतात ते हेन्रीच्या दशलक्षाव्या भागात, म्हणजे मायक्रोहेन्रीत मोजले जातात. लाखपटीने लहान झालेली ही वस्तू काम मात्र त्याहून अवघड करते.

ते काम काय, हे सांगायला मला कुंभाराच्या चाकासारखं दुसरं काही सापडत नाही. कुंभार चाकाच्या खाचेत काठी घालून दोन-चार जोरदार फेरे देतो आणि काठी बाजूला ठेवतो. ढकलणं थांबतं, चाक थांबत नाही. मडकं काठीच्या झटक्यांवर घडत नाही, चाकाच्या संथ फिरण्यावर घडतं. वेग जरा उतरला की पुन्हा काठी. स्विचिंग कन्व्हर्टरमध्ये ट्रान्झिस्टर ही काठी, कॉइल हे चाक. प्रवाह म्हणजे चाकाचा वेग, आणि हेन्री म्हणजे चाकाचं वजन. ट्रान्झिस्टर बंद असतानाच्या काळात जो डायोड प्रवाहाला वाट देतो त्याला आम्ही फ्रीव्हीलिंग डायोड म्हणतो. सायकलवरचं फ्रीव्हील आठवा, पायडल थांबलं तरी चाक फिरतंच.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचा चार्जर घ्या. इंजिन चालू असताना आत येतात सुमारे 14 व्होल्ट, बाहेर हवेत 5 व्होल्ट आणि 3 अँपिअर. जुन्या पद्धतीने, मध्ये रेग्युलेटर टाकून उरलेले 9 व्होल्ट जिरवायचे ठरवले, तर फोनला 15 वॅट देण्यासाठी 27 वॅट उष्णतेत घालवावे लागतात. त्यावर सोल्डरिंग आयर्न चालेल. स्विचिंगने हेच काम एक-दीड वॅटच्या नुकसानीत होतं. 1977च्या ॲपल-टू संगणकात रॉड होल्ट यांनी स्विचिंग सप्लाय बसवला, तोही मालकाला घरघरणारा पंखा नको होता म्हणून. तेव्हा ती बातमी होती, आता आपल्या खिशातल्या फोनमध्येही असे कित्येक सप्लाय असतात.

आता कॉइल निवडू. गणित एवढंच, की कॉइलवर जितका दाब तितक्या वेगाने प्रवाह चढतो, आणि हेन्री जितके जास्त तितका तो सावकाश चढतो. आपला ट्रान्झिस्टर सेकंदाला पाच लाख वेळा उघडमीट करतो असं धरा. एक फेरा दोन मायक्रोसेकंदांचा. 14चे 5 करायचे तर त्यातला सुमारे 0.71 मायक्रोसेकंद तो चालू राहील, आणि तेवढ्या वेळात कॉइलवर 9 व्होल्टचा दाब असेल. प्रवाहाची चढउतार, म्हणजे आमच्या भाषेत रिपल, पूर्ण लोडच्या 30 टक्क्यांच्या आसपास ठेवायची असा एक व्यवहारी संकेत आहे. इथे ती 0.9 अँपिअर. 9 गुणिले 0.71 भागिले 0.9, उत्तर सात मायक्रोहेन्रीच्या आसपास. बाजारात सात मिळत नाही, 4.7, 6.8 आणि 10 मिळतात. 6.8 घेतला. रिपल झालं सुमारे 0.95 अँपिअर. कॉइलमधला प्रवाह 3च्या वरखाली हेलकावे खात, वरच्या टोकाला 3.5 अँपिअरपर्यंत जाईल.

झालं? पुस्तकात इथे प्रकरण संपतं. विद्यार्थी वही घेऊन सरांकडे जायचा. ‘सर, 6.8 मायक्रोहेन्री.’ सर चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, ‘किती अँपिअरला?’

पहिल्यांदा ऐकताना हा प्रश्न चुकीचा वाटतो. रेझिस्टर घेताना कुणी विचारत नाही, की हा शंभर ओहम किती अँपिअरला? तो शंभर असतो, आणि जळेपर्यंत जवळपास शंभरच राहतो. कॉइल तशी नाही. तिच्यावर छापलेला आकडा हा प्रवाह नसतानाचा आकडा आहे. दुकानात एलसीआर मीटर लावून आपण खात्री करून घेतो, तो मीटरसुद्धा कॉइलमधून अगदी नगण्य प्रवाह सोडून मोजतो. मीटर खोटं बोलत नाही, पण तो झोपलेल्या पहिलवानाचं वजन करून आणतो. कुस्तीत काय होईल ते त्याला विचारू नये.

कुस्तीत काय होतं? तारेच्या मध्ये बसवलेला तो काळपट तुकडा, म्हणजे कोर, लहान लहान चुंबकीय प्रदेशांनी भरलेला असतो. प्रवाह वाढतो तसे हे प्रदेश एका दिशेला तोंड करत जातात, आणि त्यांच्या वळण्यातूनच कॉइलला तिचं वजन मिळतं. कवायतीच्या मैदानावर सगळी रांग एकदा पूर्वेला वळली, की पुढच्या ‘पूर्वेला वळा’ या हुकमावर हलायला कुणी उरत नाही. कोर सॅच्युरेट झाला म्हणजे हेच झालं. त्यानंतर प्रवाह वाढवलात तर उरतात ते फक्त तांब्याचे वेढे. कुंभाराचं जड चाक हातातल्या हातात कागदाचं होतं, आणि काठी मात्र त्याच जोराने चालत असते.

आपल्या चार्जरमध्ये धडधाकट कॉइलचा प्रवाह मायक्रोसेकंदाला 1.3 अँपिअर या गतीने चढतो. हेन्री दहापट घसरले तर तोच 13 अँपिअरच्या गतीने चढेल. ट्रान्झिस्टरला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून बाद होऊन आलेल्या बोर्डावर जळालेला ट्रान्झिस्टर दिसतो, कॉइल दिसायला नव्यासारखी. चोरी करून चोर बाजूला उभा राहतो आणि घरमालक पकडला जातो, तसं. असल्या किती बोर्डांवर मी ट्रान्झिस्टर बदलले, आणखी मोठे बसवले, त्याची गणती नाही.

कोर कशाचा, यावर ही पडझड कशी होते ते ठरतं. ढोबळपणे दोन घराणी आहेत. एक फेराइट. लोहाच्या ऑक्साइडची इतर धातूंच्या ऑक्साइडांबरोबर भाजलेली, चिनी मातीसारखी ठिसूळ वस्तू. 1930 साली टोकियोत काटो आणि ताकेई या दोघांनी ती शोधली, आणि तिचं उत्पादन करायला 1935 साली टीडीके ही कंपनी उभी राहिली. फेराइटचा स्वभाव सज्जन माणसाचा. शेवटपर्यंत तक्रार नाही, कामात उष्णता कमी, आणि एका मर्यादेनंतर मात्र एकदम सगळं सोडून देणार. आलेखावर हेन्रीची रेघ सपाट जाते, जाते, आणि कड्यावरून पडावी तशी पडते.

दुसरं घराणं धातूच्या भुकटीचं. लोखंडाचे किंवा मिश्रधातूचे बारीक कण, प्रत्येकावर विद्युतरोधक लेप, सगळे दाबून एकत्र केलेले. 1930च्या दशकात जपानच्या सेंदाई शहरात लोखंड, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचा असा एक मिश्रधातू तयार झाला. तो इतका ठिसूळ होता की भुकटी करूनच वापरायचा, म्हणून शहराचं नाव आणि धूळ हे दोन्ही जोडून त्याला सेंडस्ट म्हणतात. भुकटीचा कोर पहिल्या अँपिअरपासूनच थोडा थोडा कुरकुरतो. हेन्री हळूहळू उतरत जातात, पूर्ण लोडला वीस-तीस टक्के कमी झालेले असतात, पण कडा कुठे येत नाही. एकत्र कुटुंबात रोज थोडं भांडणारा भाऊ असतो ना, तो. त्याच्यामुळे घर मोडत नाही.

फेराइटच्या कोरमध्ये आपण मुद्दाम फट ठेवतो, तिची गंमत इथेच सांगून टाकतो. अखंड फेराइट इतका तत्पर असतो की थोड्याच प्रवाहात भरून जातो. म्हणून मधला पाय घासून अर्धा मिलिमीटर फट ठेवायची. नवख्याला वाटतं, फट म्हणजे नुकसान. पण चुंबकीय मार्ग पाच सेंटिमीटरचा, फेराइटची पारगम्यता हवेच्या दोन हजारपट आणि फट अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर गणिताप्रमाणे साठलेल्या ऊर्जेतली सुमारे 95 टक्के त्या फटीत असते. एवढा कोर, एवढी तार, आणि माल ठेवला आहे तो हवेत. फेराइटचं काम फक्त त्या हवेपर्यंत रस्ता करून देण्याचं. वाइंडिंगवाले फट घासण्याऐवजी कागदाची पट्टी घालून दोन ‘ई’ एकमेकांना चिकटवतात. तसं केलं की मार्गात फट दोनदा येते, म्हणून कागद निम्म्या जाडीचा हवा. हे विसरलेले नमुने मी पाहिले आहेत, आणि पहिला माझाच होता. भुकटीच्या कोरमध्ये ही फट कणाकणांच्या मध्ये वाटलेली असते, म्हणून तिथे कागद लागत नाही.

आता माझी फजिती सांगतो. मी तेव्हा एका कारखान्यात होतो, नाव सांगायचं कारण नाही. आम्ही सौर पथदिव्यांचे चार्ज कंट्रोलर करत असू. वर पॅनल, खाली बारा व्होल्टची बॅटरी, मध्ये खांबावर प्लॅस्टिकच्या बंद डब्यात आमचा बोर्ड. प्रवाह 5 अँपिअर, रिपल धरून टोकाला सहाच्या थोडं वर. कॉइल 33 मायक्रोहेन्री, भुकटीच्या कोरची. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. मग खरेदी विभागाने दुसरी कॉइल आणली. 33 मायक्रोहेन्रीच, आकार तोच, सॅच्युरेशन करंट जुनीचा 7 अँपिअर, नवीचाही 7 अँपिअर, आणि नगामागे चार रुपये स्वस्त. सही माझी होती. दहाला दहा जुळत असताना कोण नाही म्हणेल?

हिवाळ्यात बसवलेले दिवे मे महिन्यात विझायला लागले. आधी चंद्रपूरकडून, मग नागपूर, मग अकोला. कोकणातून एकही तक्रार नाही. प्रत्येक बोर्डावर जळालेला ट्रान्झिस्टर. आम्ही मोठा ट्रान्झिस्टर बसवला, तोही जळाला. विजेचं कारण सांगून झालं, पॅनल उलटं जोडल्याचा संशय घेऊन झाला. पुण्यात टेबलावर तोच बोर्ड आठवडाभर चालायचा. ओव्हनमध्येही चालला. हे ओव्हनचं प्रकरण नंतर उलगडलं. ओव्हनच्या भोकातून जाणाऱ्या वायरी बारीक होत्या, म्हणून चाचणी करणाऱ्या मुलाने मुकाट्याने लोड निम्म्यावर आणला होता. थंड टेबलावर पूर्ण लोड, गरम ओव्हनमध्ये अर्धा. दोन्ही चाचण्या पास, आणि चंद्रपूरच्या खांबावर मे महिन्यात दुपारी दोन वाजता ऊन आणि प्रवाह एकाच वेळी टोकाला पोचलेले असतात, ती तिसरी परिस्थिती कुणी पाहिलीच नव्हती.

सर तेव्हा निवृत्त झाले होते. मी दोन्ही कॉइल रुमालात बांधून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा होईपर्यंत दोन्ही माहितीपत्रकं वाचली. माझ्यासारखा पहिल्या पानावरचा तक्ता नाही वाचला, तक्त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचल्या. मग म्हणाले, ‘किती अँपिअरला ते तू विचारलंस. किती डिग्रीला ते विचारलं नाहीस.’

नवी कॉइल फेराइटची होती. तिचा 7 अँपिअर हा आकडा 25 अंश सेल्सिअसचा. फेराइटची सॅच्युरेशनची हद्द तापमानाबरोबर खाली येते. पॉवर सप्लायच्या नेहमीच्या फेराइटला 25 अंशाला सुमारे अर्धा टेस्ला पेलतं, 100 अंशाला 0.4च्या आसपास. म्हणजे पाचवा हिस्सा गेला. 7चे झाले साडेपाच, आणि आम्ही मागत होतो सहा. शिवाय टिपेत लिहिलं होतं, की 7 अँपिअरला हेन्री 30 टक्के कमी झालेले असतील. जुन्या कॉइलच्या पत्रकात तोच शब्द 20 टक्क्यांच्या घटीसाठी वापरला होता. सॅच्युरेशन करंट कुठल्या घटीला म्हणायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं नाही. कुणी 10 टक्के धरतं, कुणी 20, कुणी 30. भाजी तोलताना किलो सगळ्यांचा एक असतो, इथे प्रत्येक दुकानदाराचं वजन निराळं आणि पाटी मात्र एकच.

त्या दिवसापासून मी तक्ता शेवटी बघतो. आधी टिपा, मग आलेख, आणि आलेखात 100 अंशाची रेघ काढलेली आहे का ते. नसेल, तर फेराइटच्या बाबतीत वीस टक्के स्वतःच कापून घेतो. आणि तुलना लोडच्या प्रवाहाशी करत नाही. चार्जरच्या आयसीत प्रवाहाची एक लक्ष्मणरेषा असते, समजा 5 अँपिअर. वायर शॉर्ट झाली किंवा चालू होताना मोठे कपॅसिटर भरायचे असले, की कॉइलमधून तेवढा प्रवाह खरोखर जातो. फेराइटची कॉइल तापलेली असतानाही या रेषेच्या वर टिकली पाहिजे. भुकटीच्या कॉइलला थोडी सूट देता येते. तरुण इंजिनिअर म्हणतात की हे फार सावध झालं. त्यांना मी चंद्रपूरला पाठवायला तयार आहे, मे महिन्यात.

माहितीपत्रकात दुसरा एक प्रवाह दिलेला असतो, तापण्याचा. एवढा प्रवाह सोडला तर कॉइल आजूबाजूपेक्षा 40 अंशांनी तापते, असा त्याचा अर्थ. काही पत्रकांत 40ऐवजी 20. सॅच्युरेशनचा आणि तापण्याचा यांतला जो लहान तो आपला, हे उघड आहे. पण ही चाचणी कशावर केली? बहुधा भरपूर तांबं असलेल्या मोकळ्या बोर्डावर, आणि तीही रिपल नसलेल्या सरळ प्रवाहाने. तुमच्या डब्यात शेजारी डायोड तापलेला असतो. तांब्याचा रोध 25 अंशावरून 100 अंशावर जाताना सुमारे 30 टक्के वाढतो. आपल्या 3 अँपिअरच्या चार्जरमध्ये 30 मिलिओहमची कॉइल थंडीत पाव वॅटच्या जरा वर जिरवेल, गरम झाल्यावर एक तृतीयांश वॅट.

यात कोर स्वतः तापतो ते धरलेलंच नाही. चुंबकीय दिशा दर फेऱ्याला मागेपुढे ओढली जाते आणि प्रत्येक ओढीत थोडी ऊर्जा घर्षणासारखी जाते. स्टाइनमेट्झने 1892 साली लोखंडासाठी याचा नियम मांडला. त्याने धरलेला घात होता 1.6. आजच्या फेराइटला उंच वारंवारतेवर तो अडीचच्या आसपास असतो, म्हणजे रिपल दुप्पट केलं तर कोरमधलं नुकसान पाच-सहापट. म्हणून लहान कॉइल घेऊन रिपल वाढू देण्याचा मोह महागात पडतो, विशेषतः भुकटीच्या कोरला, कारण तिचं हे नुकसान फेराइटपेक्षा मुळातच जास्त. फोन बराचसा चार्ज होऊन लोड निम्म्यावर उतरतो, तेव्हाही रिपल तेवढंच असतं आणि कोर तेवढाच तापतो. फेराइटची एक लहर मात्र मला आवडते. पॉवर सप्लायसाठी बनवलेले बरेचसे फेराइट 90-100 अंशांना सर्वांत कमी तापतात, कारण बनवणाऱ्यांनी तो तळ मुद्दाम तिथे आणून ठेवला आहे. त्याच्या पलीकडे गेलात की तापतो म्हणून नुकसान, नुकसान म्हणून आणखी तापतो.

मग मोठी कॉइल घ्यावी का? 6.8च्या जागी 22? घरात हा सल्ला हमखास मिळतो, जास्त असलेलं बरं. पण त्याच आकाराच्या डब्यात जास्त हेन्री बसवायचे तर वेढे वाढवायला हवेत. वेढे वाढले की तार बारीक होते आणि रोध वाढतो. वेढे दुप्पट केले तर हेन्री चौपट होतात, पण सॅच्युरेशनचा प्रवाह निम्मा होतो. हेन्री गुणिले प्रवाहाचा वर्ग, हा गुणाकार जिथल्या तिथे राहतो. घडा तेवढाच आहे, तोंड अरुंद करा नाहीतर रुंद. शिवाय जड चाकाचा वेग चटकन बदलत नाही. फोनने एकदम प्रवाह मागितला, तर कॉइल तो पुरवेपर्यंत बाहेरचा दाब खचतो आणि मग कपॅसिटर वाढवत बसावं लागतं. माझं मत विचाराल तर गणिताने आलेल्या आकड्याच्या जवळचा घ्यावा आणि उरलेली जागा जाड तारेला द्यावी.

दाब वाढवणाऱ्या सर्किटात, म्हणजे बूस्टमध्ये, एक चूक इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल न बोलता मला खाली बसवणार नाही. तिथे कॉइलमधून बाहेरचा प्रवाह जात नाही, आत येणारा जातो. एका लिथियम सेलवरून 12 व्होल्ट, 1 अँपिअर काढायचे म्हणून लोक दीड अँपिअरची कॉइल लावतात. सेल 3 व्होल्टवर उतरला आणि कार्यक्षमता 90 टक्के धरली, तर कॉइलमधून सरासरी 4.4 अँपिअर जातात. रिपल वेगळं. आणि आपल्या चार्जरच्या उलट, इथे सगळ्यात वाईट वेळ येते ती बॅटरी संपत आल्यावर. टॉर्च शेवटच्या दहा मिनिटांत मरते आणि आपण सेलला शिव्या घालतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. वेढ्यांमध्ये आपोआप तयार होणाऱ्या कपॅसिटन्समुळे प्रत्येक कॉइल एका वारंवारतेला कॉइल असणं सोडून देते, आपण त्याच्या फार खाली राहावं, दहापट खाली असलं तर निर्धास्त. उघड्या ड्रम कोरची कॉइल स्वस्त पडते, पण तिचं क्षेत्र शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरत राहतं. बोर्डावर रेडिओ किंवा नाजूक मोजमाप असेल तर शील्ड असलेलीच घ्या. काही कॉइलवर एका टोकाला ठिपका किंवा रेघ असते, ती वाइंडिंगची सुरुवात दाखवते. ते आतलं टोक ट्रान्झिस्टरच्या बाजूला जोडा, म्हणजे उड्या मारणारा दाब आतल्या वेढ्यांत राहतो आणि बाहेरचे वेढे त्याला पांघरूण घालतात. फुकट मिळणारी सुधारणा आहे, आणि रेघ बघायचे कष्ट फार थोडे घेतात. रात्री चार्जरला कान लावला तर कधी डासासारखी गुणगुण येते. लोड नसताना कंट्रोलर मध्येमध्ये डुलकी घेतो, त्याच्या जागण्या-झोपण्याचा ठेका ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरतो आणि कोर किंवा तार त्या ठेक्यावर थरथरते. म्हणजे संयोजकांची डासांची शंका अगदीच निराधार नव्हती.

उंच वारंवारतेला प्रवाह तारेच्या कातडीतून वाहतो, हे तुम्ही ऐकलं असेल. 50 हर्ट्झला ही कातडी 9 मिलिमीटर जाड, पाच लाख हर्ट्झला एक दशांश मिलिमीटरहून कमी. म्हणून रिपल मोठं असेल तिथे जाड एकेरी तारेपेक्षा बारीक तारांचा पीळ बरा. आपल्या चार्जरसारख्या ठिकाणी बहुतेक प्रवाह सरळच असतो, तिथे त्याची धास्ती घेऊ नये.

आता तो डबा. तुमच्यातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी तो व्यासपीठावर ठेवलेला केव्हाच ओळखला असेल. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत जुन्या सप्लायमधून काढलेले चार मोठे कपॅसिटर, एक दणकट मॉस्फेट, दहा मिलिओहमचा रेझिस्टर आणि एक बटण. कॉइल दोन स्क्रूंमध्ये अडकवायची, बटण दाबायचं. मॉस्फेट फक्त काही मायक्रोसेकंदांसाठी उघडतो, कपॅसिटरमधला साठा कॉइलमध्ये शिरतो, आणि रेझिस्टरवरचा दाब ऑसिलोस्कोपवर दिसतो. पल्स इतका छोटा की काहीच तापत नाही, जळत नाही. चांगल्या कॉइलची रेघ पट्टीने आखल्यासारखी तिरपी चढते. फेराइट जिथे हात टेकतो तिथे ती कोयत्यासारखी एकदम वर वळते. भुकटीची रेघ वळते, पण कुठून वळायला लागली ते बोट ठेवून सांगता येत नाही. माझ्या रुमालातल्या दोन कॉइल सरांनी त्या संध्याकाळी याच डब्याला लावल्या. आधी थंड, मग बाईंचा केस वाळवायचा ड्रायर आणून तापवून. नवीचा कोयता माझ्या डोळ्यांसमोर सातवरून साडेपाचवर सरकला. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ड्रायर परत जागेवर ठेवा.

सरांच्या मुलीने तो डबा माळ्यावरून काढून आज आणला आहे. एक कपॅसिटर फुगला होता, तो मी काल बदलला. ड्रायरही आणला आहे, वेगळा. ऑसिलोस्कोप इथल्याच प्रयोगशाळेचा आहे आणि शिपायांनी साडेआठपर्यंत दिवे चालू ठेवायचं कबूल केलं आहे. कुणी खिशात कॉइल घेऊन आलं असेल, आणि दोघं-तिघं आल्याचं मला मघाशी दारातच कळलं, तर पुढे या. रांगेत पहिल्यांदा विद्यार्थी, मग आम्ही म्हातारे. तुमच्या कॉइलवर काय छापलं आहे ते आधी मला सांगू नका.